दुधी-दोडक्याची बारकी फळं पिवळी पडून गळतात? खत-औषध आणायच्या आधी हे तपासा

वेल मस्त वाढलाय, पानं हिरवीगार, मांडव भरलाय, फुलं रोज येतायत, पण फळ काही मोठं होत नाही, बोटाएवढं होतं, टोकाकडून पिवळं पडतं आणि दोन दिवसांनी खाली पडलेलं दिसतं. गच्चीवर नाहीतर परसात दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, काकडी, भोपळा असलं काहीही लावलं की हा प्रश्न येतोच येतो, आमच्या सोसायटीत, माहेरी, मैत्रिणींच्या गच्चीवर मी वर्षानुवर्षं हेच एक दुखणं निस्तरत आलेय आणि अनुभव असा की दहातल्या सात-आठ वेळा वेलाला काही झालेलंच नसतं. तरी लोक आधी दुकानात जातात, दोन बाटल्या आणि एक पिशवी खत घेऊन येतात आणि वेल होता त्यापेक्षा बिघडवून ठेवतात. म्हणून हे क्रमाने लिहितेय, फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर.

आधी लक्षण ओळखा

"फळ गळतं" एवढं सांगून भागत नाही, त्यात वेगवेगळी दुखणी असतात.

फूल उमलतं, सुकतं, देठासकट गळून पडतं, त्याच्या मागे फळ नव्हतंच कधी: हा आजार नाही, पहिली तपासणी वाचा.

फुलाच्या मागे बारकं फळ आहे, फूल सुकल्यावर ते वाढायचं थांबतं, टोकाकडून पिवळं होतं, आक्रसतं, चार-पाच दिवसांत गळतं, कापलं तर आत स्वच्छ: हे परागीभवन न झाल्याचं लक्षण, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

फळ वितभर होतं पण वाकडं, एका बाजूला खड्डा, त्यावर डिंकासारखा तपकिरी थेंब: फळमाशी.

फळाचं टोक काळपट, मऊ, सडकं: पावसात बहुतेक बुरशी, कारण सुकलेलं फूल टोकाला ओलं चिकटून राहतं आणि तिथूनच सड सुरू होते, अशावेळी त्या टोकावर बारीक लव दिसते. पाऊस नसताना टोक काळं पडत असेल तर पाण्याची अनियमितता, ते खाली येतंय.

आणि फळांबरोबर पानंही बिघडली असतील, म्हणजे पिवळे-हिरवे चट्टे, पानं आखडलेली, शेंडा खुजा, तर मधल्या तपासण्यांत वेळ घालवू नका, थेट खालचा "इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा" हा भाग वाचा.

1. फुलं नर आहेत की मादी, ते बघा (खर्च शून्य)

या सगळ्या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलाचा देठ सरळ बारीक, मादी फुलाच्या मागे त्या त्या भाजीचं छोटंसं रूप असतं, दुधीला लव असलेला हिरवा इवला दुधी, दोडक्याला शिरा असलेली काडी. वेल सुरुवातीला नर फुलंच देतो, दोन-तीन आठवडे तसेच जातात आणि याच काळात सगळ्यात जास्त घाबरे फोन येतात. नर फूल एक दिवसाचं असतं, ते गळणारच, त्यात काही बिघडलेलं नाही.

ही तपासणी पहिली का, तर मादी फूल आलेलंच नसेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही. आणि नर फुलं "फुकट अन्न खातात" म्हणून सगळी खुडून टाकू नका प्लीज, हा सल्ला कुठून पसरतो कळत नाही, मादी फुलं येतील तेव्हा पराग कुठून आणणार?

महिना-दीड महिना होऊनही नरच फुलं येत असतील तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय किंवा ऊन फार कडक आहे. मोठा दिवस, जास्त उष्णता आणि भरपूर नत्र या तिन्हींनी नर फुलांचं प्रमाण वाढतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये रुसलेला वेल पावसाळ्यात आपोआप मार्गी लागलेला बऱ्याचदा दिसतो.

2. गळलेलं फळ उभं कापा (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

एकही गळलेलं फळ न कापता टाकू नका. चार-पाच गोळा करा, सुरीने उभी चिरा आणि उजेडात बघा. आत गर पांढरा-हिरवा, स्वच्छ, नुसता कोमेजलेला असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जा. आत तपकिरी रेघा, पाणचट गर आणि तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या अळ्या वळवळत असतील, एखादी तर अंग दुमडून उडीही मारते, तर ती फळमाशीच, सहावी तपासणी बघा.

हे एवढं महत्त्वाचं का, तर बाहेरून दोन्ही फळं सारखीच पिवळी दिसतात आणि उपाय अगदी वेगळे आहेत. परागीभवन झालं नाही म्हणून कीटकनाशक मारलं तर ज्यांनी परागीभवन करायचं तेच कीटक मरतात, म्हणजे रोग बरा करायला निघालो आणि तो कायमचा करून ठेवला.

3. फूल किती वाजता उमलतं ते स्वतः बघा

मला फोटो आला की मी आधी हेच विचारते, आणि बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि सकाळी उन्हं वर यायच्या सुमारास मऊ पडून मिटतं. पडवळाचं झालरीचं फूलही संध्याकाळचंच. दोडक्याचं पिवळं फूल दुपार कलली की उमलतं. याच्या उलट घोसाळं, कारलं, काकडी आणि लाल भोपळा ही सकाळची मंडळी, भोपळ्याचं फूल तर पहाटेच उघडतं आणि दहा-अकरापर्यंत मिटायला लागतं. दोडका आणि घोसाळं इतकी जवळची भावंडं पण वेळ उलटी, म्हणून एकाच मांडवावर दोन्ही असतील तर गोंधळ होतो.

काकडी-भोपळ्याकडे मधमाश्या येतात, दुधीकडे मुख्यतः रात्रीचे पतंग. आता विचार करा, सातव्या मजल्यावरची गच्ची, रात्रभर झगझगीत एलईडी, आजूबाजूला दुसरी फुलं नाहीत, वर सोसायटीत दर आठवड्याला डासांचा धूर, तिथे पतंग येणार कुठून? गावाकडच्या परसात त्याच बियाण्याचा वेल लगडलेला असतो आणि शहरात मोकळा, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, मातीत दोष नसतो.

फवारणीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. "फवारणी संध्याकाळी करा म्हणजे मधमाश्या वाचतात" हा सल्ला काकडी-कारल्याला बरोबर आहे, पण दुधी, पडवळ, दोडक्याची फुलं संध्याकाळीच उघडतात, त्यांना निंबोळी अर्कसुद्धा सकाळी, फूल मिटल्यावर आणि ऊन तापायच्या आत मारा.

4. हाताने परागीभवन करा आणि दोरा बांधा

हा उपायही आहे आणि तपासणीही. दुधीसाठी संध्याकाळी साडेसहा-सातला वर जा. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका म्हणजे मधला परागाचा दांडा मोकळा होतो. बोटाने हळूच स्पर्श केला की पिवळसर भुकटी बोटाला लागली पाहिजे, लागली नाही तर दुसरं फूल घ्या. मग उमललेल्या मादी फुलाच्या मधे जो फुगीर, थोडा चिकट भाग असतो त्याच्या सगळ्या बाजूंना तो दांडा गोल फिरवत हलकेच टेकवा. सगळ्या बाजूंना, कारण एकाच बाजूला पराग लागला तर फळ त्याच बाजूने फुगतं आणि वाकडं होतं. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं आरामात होतात. शिळं, कालचं नर फूल वापरू नका आणि फुलात पावसाचं पाणी साठलं असेल तर ते पराग गेलेच समजा, पाऊस लागून राहिला असेल तर दुपारीच दोन्हीकडच्या कळ्यांवर कागदी पिशवी अडकवून ठेवायची.

आता दोरा. ज्या मादी फुलांना पराग लावला त्यांच्या देठाला सैलसा लाल दोरा बांधा आणि दोन-चार फुलं मुद्दाम तशीच सोडा. फळ धरलं असेल तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो, वर तोंड करून असलेलं फळ खाली वळतं, साल चकाकायला लागते. नसेल धरलं तर टोक पिवळं. दोऱ्याची फळं वाढली आणि बिनदोऱ्याची गळली तर निदान झालं, तुमच्या वेलाला ना खत हवंय ना औषध, मोसम संपेपर्यंत संध्याकाळची पाच मिनिटं द्या आणि पुढच्या वर्षी मांडवाजवळ तुळस, झेंडू, सब्जा असं काही लावा, दिवसाच्या फुलांसाठी मधमाश्या तरी येतील. दोऱ्याचीही गळली तरच पुढे जा.

(तोंडली लावणाऱ्यांनी ही कसरत करू नये, आपण कलमाने जी तोंडली लावतो ती मादी वेलीचीच असते आणि पराग नसतानाही धरते.)

5. पाणी, कुंडी, वेलावरचा भार

बोट दोन पेरं मातीत घाला. वर ओलं आणि खाली कोरडं असेल तर तुम्ही रोज वरवर पाणी शिंपडताय. दुधीचं पान मोठं, उन्हाळ्यात पाणी प्रचंड लागतं, एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी डबडबलेलं असं झालं की वेल आधी बारकी फळं सोडून देतो, आणि टोक काळं पडण्याचं कारणही हेच, मातीत कॅल्शियम असतं पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी उभी राहतात तर काळजी नको, संध्याकाळीही पडलेलीच असतील तर मूळ बघावं लागेल.

कुंडी 12 इंची असेल तर स्पष्टच सांगते, दुधी त्यात होत नाही. वेल वाढेल, फूल येईल, फळ पोसणार नाही. किमान 18-20 इंची ग्रो बॅग किंवा अर्धा कापलेला ड्रम, आणि त्यात एकच वेल. तीन बिया उगवल्या म्हणून तिन्ही ठेवायचा मोह होतो, दोन काढा.

आणि वेलावर एखादा जुना, मोठा दुधी बियांसाठी ठेवलाय का? बी धरणारं एक फळ वेलाचं सगळं अन्न ओढतं आणि नवी फळं गळतात. बी धरायचंच असेल तर मोसमाच्या शेवटच्या फळांतून धरा.

पारा चाळीसला टेकला असेल तर परागच नीट काम करत नाही, मग हाताने लावूनही फळ धरत नाही. तेव्हा दुपारची हिरवी जाळी लावा, मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि थोडं थांबा.

6. खत कमी करा, शेंडा खुडा, माशी अडवा

इथून थोडा खर्च सुरू होतो.

पानं काळपट हिरवी, ताटाएवढी मोठी, फळ मात्र नाही: नत्र जास्त झालंय. युरिया, शेणपाणी, दर आठवड्याचं जीवामृत, सगळं महिनाभर बंद. त्याऐवजी मूठभर लाकडाची राख आळ्यात पसरा, त्यातून पालाश (पोटॅश) मिळतं. चुलीची राख हवी, दगडी कोळशाच्या शेगडीची किंवा कचरा जाळल्याची नको.

दुधीचा मुख्य वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या दहा-बारा पानांच्या झाल्या की त्यांचाही खुडा, मग जी तिसरी पिढी फुटते तिच्यावर मादी फुलं जास्त येतात. हल्ली याला थ्रीजी कटिंग म्हणतात. वेल तब्येतीने चांगला असेल तरच करा, मरतुकड्या वेलावर कात्री चालवू नका.

फळमाशी असेल तर तीन गोष्टी एकदम कराव्या लागतात, एकेक करून भागत नाही. पहिली म्हणजे किडकं फळ एकही मातीवर राहता कामा नये, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीत कोश करते आणि नवी माशी तिथूनच निघते. ही फळं कंपोस्टमध्येही टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. दुसरी, फळ धरल्याची खात्री झाली की लगेच त्यावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधा, माशी कोवळ्या सालीतच अंडी घालते. माझ्या मते घरच्या चार वेलांना पिशवीसारखा उपाय नाही. तिसरी, कामगंध सापळा, म्हणजे वासाच्या वडीने नर माशीला ओढणारा. कृषी सेवा केंद्रात "फळमाशीचा सापळा द्या" एवढंच म्हणालात तर बऱ्याचदा आंब्याचा हातात पडतो. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल, आपल्या वेलवर्गीय भाज्यांना क्यू-ल्युर, नाव सांगून मागा, वडी चुकीची असेल तर सापळा महिनाभर लटकून रिकामाच राहतो. आणि सापळ्यात फक्त नर माशा येतात, म्हणजे माशी आहे हे कळतं, संख्याही कमी होते, पण अंडी घालणारी मादी बाहेरच असते, म्हणून पिशवी सोडायची नाही.

पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी, सुरुवातीला खालची पानं काढणं आणि पातळ ताकाची फवारणी यावर बऱ्याचदा आटोक्यात येते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाची नक्षी, पानं आखडलेली, फळांवर गाठी: हा विषाणू, यावर औषध नाही, कोणी विकत असेल तरी घेऊ नका. तो वेल उपटून बाहेर टाका, मावा आणि पांढरी माशी तो शेजारच्या वेलावर नेतात.

पाणी असूनही अख्खा वेल एक-दोन दिवसांत मान टाकतो, किंवा उपटल्यावर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात: मर रोग किंवा सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी). त्या मातीत परत वेलवर्गीय भाजी लावायच्या आधी सल्ला घ्या.

तसंच एकाच वेळी सगळे वेल बिघडले, किंवा दोन मोसम हे सगळं करूनही फळ धरत नाही, तर माती-पाण्याचं परीक्षण करून घ्या, बोअरचं खारं पाणी हे कारण डोळ्यांना दिसत नाही. आणि रासायनिक कीटकनाशक मारायची वेळ आली असं वाटलं तर विचारल्याशिवाय मारू नका, कारण हा वेल दर दोन दिवसांनी तोडायचा असतो आणि औषधानंतर किती दिवस फळ खायचं नाही हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं.

विचारायचं कुठे, तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, गावात असाल तर सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक), आणि राहुरी, दापोली, अकोला, परभणी यातलं जे कृषी विद्यापीठ जवळ असेल ते. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. जाताना वर्णन नको, आजारी पान, कापलेलं फळ आणि मुळाचा तुकडा कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये सडतो.

फळ धरल्यावर, स्वयंपाकघरात

फळ धरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दुधी तोडायला येतो. नख सालीत सहज रुतलं पाहिजे आणि लव अजून थोडी असली पाहिजे. मोठा होऊ दे म्हणून ठेवू नका, जून दुधीची बी कडक होते आणि वेलही थांबतो. कोवळ्या दुधीला चणाडाळ, जिरं, हिरवी मिरची आणि वर ओलं खोबरं एवढंच पुरे, साल फेकायची नाही, तीळ आणि लसूण घालून तव्यावर कुरकुरीत चटणी होते, दोडक्याच्या शिरांचीही तशीच. जास्तीची नर भोपळाफुलं सकाळी तोडून बेसनात बुडवून भजी करा, परागाला दोन-चार वेलावर ठेवली की झालं.

पण सुरी लावली की पहिलं काम चव. देठाकडचा कच्चा तुकडा, नखाएवढा, जिभेवर ठेवा आणि थुंका. दुधी, दोडका, घोसाळं यातलं काहीही कडू लागलं तर अख्खं फळ टाकायचं, मीठ लावून, पिळून, साखर घालून, शिजवून वाचवायचं नाही. हा कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि तो शिजवल्याने जात नाही. दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने तज्ज्ञ समिती नेमली होती आणि तिचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच आहे की कडू दुधीचा रस पिऊ नये आणि रस काढायच्या आधी तुकडा चाखावा. कारल्याची गोष्ट वेगळी, त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा.

घरच्या बागेत याची काळजी जास्त घ्यायची, कारण आपण बी घरचंच धरतो. जवळपास कडू भोपळ्याचा, म्हणजे कडू दुधीचा, वेल असेल तर यंदाचं फळ गोडच राहील, पण त्या फळाच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू वेल निघू शकतो. कंपोस्टमधून आपोआप उगवलेल्या वेलाचंही तेच, दिसायला झकास, चव माहीत नाही. एखाद्या वेलाचं फळ कडू निघालं तर त्याचं बी अजिबात धरू नका, आणि पुढचीही फळं कडू निघाली तर तो वेलच काढा.

आणि कडू रस पोटात गेलाच असेल, उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर ओवा-लिंबू करत घरी बसू नका. यावर उतारा नाही पण सलाइन आणि वेळेवर देखरेख यानेच माणूस सावरतो, रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि उलटीतून रक्तही पडू शकतं. ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की कडू दुधी पोटात गेलाय, किती वाजता आणि साधारण किती.